गळ्याचा रंग

आण्णा अंघोळीला बसले की मोरीतून त्या दिवसाचा रंग वाहायचा. पहिलं पाणी गडद, दुसरं फिकं, तिसऱ्या तांब्याला नुसती छटा. मिलमध्ये आज राणी रंगाच्या साड्या चालल्या की मोरपंखी, हे आम्हाला विचारावं लागत नसे. मी आणि माय मोरीकडे बघूनच ओळखायचो. पाणी लाल असलं तर माय जरा सावध व्हायची. तिचं म्हणणं असं, की लाल जुळवायला सगळ्यात कठीण, म्हणून लाल मालाच्या दिवशी ह्यांचं डोकं तापलेलं असतं. हे शास्त्र ती स्वतःच्या पाठीवर शिकली होती. निळ्या पाण्याच्या दिवशीही तिने मार खाल्लेला मला चांगला आठवतो, पण तिचा त्या शास्त्रावरचा विश्वास काही ढळला नाही.

आण्णा गुजराती मुलखात, उधन्यातल्या एका साडी छापायच्या मिलमध्ये कलर मास्टर होते. अमळनेरकडचं गाव सोडून आलेली आमच्या गल्लीतली बाकी माणसं लूमवर नाहीतर छपाईच्या टेबलावर राबायची, त्यात आण्णा मास्टर, त्यामुळे त्यांना मान होता. मिलमध्ये ज्या खोलीत डिंक शिजवून त्यात रंग कालवतात तिला कलर किचन म्हणत. त्या किचनमध्ये मीठ कमी पडलं तर हे कोणाला मारतात ते एकदा जाऊन बघायला पाहिजे, असं माय म्हणायची, अर्थात ते घरात नसताना. आण्णांची नजर मात्र खरीच मोठी होती. व्यापाऱ्याने चिमूटभर चिंधी आणून दिली की ती उन्हात धरायची, सावलीत धरायची, डोळे मिटून उघडायचे, आणि ड्रममध्ये असा रंग कालवायचा की चिंधी कापडावर ठेवली तर सापडू नये. ह्याला मॅचिंग म्हणतात. आण्णांचा सगळा जीव त्या मॅचिंगमध्ये होता आणि दुर्दैवाने ते त्यांना घरातही लागायचं. काळ्या मसाल्याची भाजी काल जरा काळसर होती आणि आज तांबूस आहे, एवढ्यावरून त्यांनी ताट भिंतीवर मारलेलं मी पाहिलं आहे. मायने कोपरापर्यंत आलेला रस्सा पदराने पुसला आणि कळण्याची दुसरी भाकरी टाकायला घेतली.

आमच्या घराची मागची भिंत लूमच्या शेडला लागून होती. दिवसभर खटखट, खटखट. पाहुणे आले की पहिले दोन दिवस ओरडून बोलत, मग त्यांनाही सवय व्हायची. त्या आवाजामुळे आमच्या घरातलं शेजारी ऐकू जात नसे आणि शेजारचं आमच्याकडे येत नसे. पण संध्याकाळी पाळी बदलताना लूम पाच मिनिटं थांबायचे. त्या पाच मिनिटांत गल्लीतल्या सगळ्या घरांतलं सगळ्यांना ऐकू यायचं. कुठे थोबाडीत बसलेली, कुठे पोरगं कोंडलेलं, कुठे भांडं आपटलेलं. मग लूम सुरू झाले की जो तो आपलं काम करायला लागायचा. नळावर तर रोजचीच मारामारी. हंड्यांनी डोकी फुटायची आणि त्याच बायका दुपारी एकमेकींच्या केसांतल्या उवा काढत बसायच्या. आता मी डिंडोलीला चौथ्या मजल्यावर राहते, खाली सिक्युरिटी असते, आणि शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं हे मला माहीत नाही. नातू म्हणतो, आजी, किती शांत आहे ना इथे. मी हो म्हणते. पाच मिनिटं लूम थांबल्यासारखं वाटतं हे त्याला काय सांगणार?

माझा हात चांगला होता, हे आण्णांनी मी सातवीत असतानाच हेरलं होतं. त्या काळी साडीवरच्या एकेका रंगाला एकेक जाळी लागायची, आणि जाळी करायच्या आधी डिझाइनमधला प्रत्येक रंग वेगळा काढून पारदर्शक कागदावर काळ्या शाईने उतरवावा लागे. लाल जिथे जिथे आहे तेवढाच एका कागदावर, हिरवा तेवढाच दुसऱ्यावर. ह्याला ट्रेसिंग म्हणायचे. आता हे कॉम्प्युटर करतो. तेव्हा आमच्या घरात खाटेशेजारी काचेचं टेबल होतं, खाली बल्ब लावलेला. शाळेतून आले की मी त्यावर ओणवी व्हायची. आण्णा मागे उभे राहून बघायचे. रेघ सुटली तर टपली बसायची, आणि नाही सुटली तर काहीच नाही. ते काहीच नाही म्हणजे शाबासकी आहे हे मला कळत होतं आणि मला त्याची भूक लागलेली असायची. खोटं कशाला सांगू, ज्या माणसाची मला भीती वाटायची त्याच माणसाने माझी रेघ बघावी म्हणून मी जीव टाकायची.

अशा वेळी ते पक्षी घरात आले. नानपुऱ्यातल्या एका जुन्या पारशी बंगल्याचं सामान विकायला निघालं होतं, त्यातून मिलच्या कांतिशेठने एक पेटी उचलली. आत जाडजूड जुने कागद, प्रत्येकावर चिमुकले लांब चोचीचे पक्षी, खाली वळणदार इंग्रजी अक्षरं. शेठला पक्ष्यांचं सोयरसुतक नव्हतं. बाजारात फुलं आणि कैऱ्या सगळ्यांच्याच साड्यांवर होत्या, त्याला काहीतरी नवं हवं होतं. पेटीत कागद किती, कोणते, हे कोणी पाहिलं नाही. पेटी शेठच्या लोखंडी कपाटात गेली आणि आण्णांना वरचा एक कागद मिळाला, घरी नेऊन ट्रेसिंग करून परत द्यायच्या बोलीवर. ह्या पक्ष्यांना हमिंगबर्ड म्हणतात आणि ते आपल्याकडे नसतातच, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. मिलमध्ये डिझाइनचं नाव पडलं ‘लांबी चांच’. माय म्हणाली, हे शिंजीर आहेत, गावाकडे शेवग्यावर यायचे.

तो कागद काचेवर ठेवून मी बल्ब लावला तो क्षण मला अजून आठवतो. एका वेलीवर लाल नळीसारखी फुलं, आणि त्यांच्या वर हवेत दोन पक्षी, चोचीला चोच भिडलेली, नखं पुढे आलेली. आण्णा म्हणाले, जोडी आहे, खेळतायत. माय भाकरीचं पीठ मळत होती, ती हात न थांबवता म्हणाली, “ह्या खेयतस नही, भांडतस.” तिला भांडण बरोबर ओळखू यायचं. पण सगळ्यात नवल होतं ते त्या पक्ष्यांच्या गळ्याचं. तांबडा, तापलेल्या तांब्याच्या हंड्यासारखा, आणि कागद हलवला की आतून पेटायचा. आण्णांनी तो उन्हात नेला, दारात नेला, डोळे मिटून उघडले, आणि त्यांना तो रंग सांगता येईना. मी त्यांना असं अडलेलं कधी पाहिलं नव्हतं. शेवटी मायनेच हात पुसून येऊन बघितलं आणि म्हणाली, खाली वर्ख आहे, मिठाईला लावतात तसला, त्यावरून रंग फिरवलाय. आण्णा तिच्याकडे बघतच राहिले. त्या दिवशी त्यांनी तिच्यासाठी पोंक आणला, लिंबू-मिऱ्याच्या शेवेसकट. ज्वारीचे ते कोवळे हिरवे दाणे आम्ही तिघांनी काचेच्या टेबलाभोवती बसून खाल्ले, कागद लांब ठेवून. आमच्या घरातल्या चांगल्या दिवसांत मी तो धरते.

आठ दिवस कागद घरात होता. त्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्याला किडीने पाडलेलं एक भोक होतं, मुगाच्या दाण्याएवढं. काचेवर ठेवला की त्यातून बल्बचा उजेड थेट डोळ्यात यायचा, म्हणून मी त्यावर रोज एक पैसा ठेवायची. मूळ कागदाला हात लावायचा नाही, रंगाचा तर थेंबही नाही, हे आण्णांनी पहिल्या दिवशीच माझा कान पिळून सांगितलं होतं, आणि मी लावला नाही. पण माझ्याकडे शाळेची रंगपेटी होती आणि जुनी वही होती. त्या वहीत मी तो पक्षी काढला. एकदा काढल्यावर थांबवेना. पानापानावर काढला, आणि लाल वडी संपली तशी निळ्या गळ्याचा काढला, जांभळ्या गळ्याचा काढला, हिरव्या गळ्याचा काढला. वही मी फडताळात कपड्यांखाली ठेवली, कारण आण्णांना फुकटचे रंग उडवलेले आवडायचे नाहीत.

जाळ्या झाल्या. आण्णांनी वर्खाची झाक नुसत्या रंगाने आणायचा पण केला होता, आणि ती त्यांनी आणली. पिवळ्याचा हात आधी, त्यावर पातळ तांबडा. टेबलावर काम करणारे आमच्या शेजारचे हिरामणकाका सांगायचे, की साडी वाऱ्यावर वाळत टाकली तेव्हा माणसं काम सोडून बघत होती. कागद शेठच्या कपाटात परत गेला. दहा दिवस टेबलं ‘लांबी चांच’नेच भरलेली होती, आमची मोरी लाल होती, आणि तरी आण्णांचं डोकं थंड होतं. मायच्या लेखी तिचं शास्त्र पहिल्यांदाच खोटं पडलं, म्हणून ती जरा चिंतेतच होती.

मधल्या काळात शेठने बाजारातल्या एका मोठ्या व्यापाऱ्याला कपाट उघडून तो पक्षी दाखवला होता. व्यापाऱ्याला आवडला, मागणी ठरली. आणि माल बघायला तो आला तेव्हा म्हणाला, हा तो पक्षी नाही, त्याचा गळा हिरवा होता. शेठने कपाटातून कागद काढला. हिरवाच होता. पुढचं मी हिरामणकाकांकडून ऐकलं आहे. शेठ कलर किचनमध्ये आला, कागद ड्रमच्या झाकणावर आपटला, आणि पंधरा-वीस माणसांच्या देखत आण्णांच्या थोबाडीत मारली. “मास्टर, आंखो क्यां मूकी आव्या?” डोळे कुठे ठेवून आलात. आण्णांनी गालाला हात लावला नाही. त्यांनी कागद उचलला. तीच वेल, तीच लाल फुलं, तेच दोन पक्षी चोचीला चोच लावून, खाली तीच वळणदार अक्षरं. फक्त गळा सपाट हिरवा, वर्खाची झाक नाही, जणू कोणी वरून रंग थापून ती बुजवली आहे.

आमच्या धंद्यात एका डिझाइनचे दोन तुकडे वेगळे निघाले की कोणाचा तरी गुन्हा असतो. रंग चुकला, डिंक चुकला, नाहीतर कोणी मुद्दाम केलं. चौथी गोष्ट नसते. आण्णांची सगळी हयात ह्यावर उभी होती, आणि तो कागद आठ दिवस अशा घरात होता जिथे एक पोरगी ब्रश घेऊन बसायची. त्यांच्या जागी मिलमधला कुठलाही माणूस असता तरी त्याने तोच हिशोब केला असता. हे मी त्यांची बाजू घेण्यासाठी लिहीत नाही. ते कसे विचार करत घरी चालत आले असतील हे मला इतक्या वर्षांत पाठ झालं आहे, म्हणून लिहिते.

दुपारची वेळ होती. मी दुसऱ्याच एका डिझाइनवर ओणवी होते, बल्ब चालू होता. आण्णांनी कागद माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, “हाई कोनं काम शे?” आवाज अगदी हळू होता. मी कागद बघितला आणि मलाही काही कळेना. मग मला कोपरा दिसला. काचेवर कागद, खाली बल्ब, आणि उजेड डोळ्यात येत नव्हता. मी म्हटलं, “मी नही करं, आण्णा. आपला कागदले भोक व्हतं. हाऊ आपला नही.” त्यांनी कोपऱ्याकडे बघितलं सुद्धा नाही. “भोक बी तूच बुजाडं.” मग कागद खाटेवर ठेवून ते फडताळाकडे गेले. कपडे उपसले, वही निघाली, आणि पानापानावरचे ते सगळे पक्षी निघाले. हिरव्या गळ्याच्या पानावर ते थांबले.

जाळीवरून रंग ओढायचा एक सागवानी फळा, रबर निघालेला, आम्ही दाराला टेका म्हणून वापरायचो. तो त्यांनी उचलला. माझं उजवं मनगट काचेवर दाबून धरलं. पहिला घाव बसला तेव्हा मला दुखलंच नाही, फक्त आवाज ऐकू आला, आणि माझ्या बोटांतून आवाज कसा आला ह्याचं मला आश्चर्य वाटलं. माय नळावरून आली होती. तिने घागर टाकली आणि मागून त्यांना मिठी घातली. त्यांनी कोपराने तिला झटकलं, ती चौकटीवर पडली, कपाळ फुटलं. मग त्यांनी दुसरा घाव घातला. त्याने काचही फुटली आणि बल्बही. मी ओरडले असणार, पण मागे लूम चालू होते, त्यामुळे कोणीही आलं नाही. घागरीचं पाणी, काचा, मायचं रक्त आणि माझं, सगळं एकच झालं होतं. आण्णांनी फळा परत दाराला लावून ठेवला, जागच्या जागी, आणि कागद घेऊन बाहेर गेले.

डिंडोली तेव्हा शेतं असलेलं गाव होतं. माय कपाळाला फडकं बांधून मला तिथल्या हाडवैद्याकडे घेऊन गेली. वैद्याने आंबेहळदीचा लेप लावला, बांबूच्या कामट्या बांधल्या, आणि पडली का असं विचारलं. माय म्हणाली, हो, पडली. तिचं कपाळ बघून त्याने तिलाही तेच विचारलं आणि तिनेही तेच उत्तर दिलं. अंगठ्याशेजारची दोन बोटं वाकडीच जुळली. पहिलं बोट आजही वाकत नाही. सुई धरता येत नाही, ब्रश धरता येत नाही. मी डाव्या हाताने लिहायला शिकले, पण माझी रेघ गेली ती गेली. पुढे मी शिलाईच्या दुकानात बटणं मोजून दिली, मग संसार केला, मुलं केली. चित्रकार झाले असते वगैरे मी म्हणत नाही. पण काय झाले असते हे बघायचं राहून गेलं, आणि त्याचा राग मला अजून येतो, आत्ता हे लिहितानाही येतो आहे.

शेठने आण्णांना काढलं नाही. त्यांना कलर किचनमधून उचलून जाळ्या धुवायला बसवलं. त्यांची मोरी आता कुठल्याच रंगाची नसायची, सगळे रंग मिसळून मातकट पाणी यायचं. ते माझ्याशी बोलत नव्हते, मी त्यांच्याशी बोलत नव्हते. माय आम्हा दोघांनाही जेवायला वाढायची आणि मध्येच कधीतरी तिचा डोळा माझ्या कामट्यांवर थांबायचा. तिला मी एकदाच विचारलं, तुला तरी खरं वाटतं का. ती म्हणाली, भोक मी पाहिलं होतं, त्यावर तू माझ्या डब्यातला पैसा ठेवायचीस. एवढं ती मला सांगू शकली, आण्णांना सांगू शकली नाही. त्याबद्दल मी तिच्यावरही रागावले होते.

चार-पाच महिने गेले असतील. ते पक्षी अपशकुनी आहेत असं ठरवून शेठने पेटी विकायला काढली. मुंबईहून जुन्या कागदांचा एक व्यापारी आला. रविवार होता, छपाई बंद होती, म्हणून त्याने साड्या छापायच्या लांबलचक टेबलावरच सगळे कागद मांडले. टेबल पुसायला आण्णांना बोलावलं होतं आणि हिरामणकाका बरोबर होते. तो माणूस भिंग घेऊन एकेक कागद बघत गेला आणि जे सारखे होते ते शेजारी शेजारी ठेवत गेला. दोन-तीन चित्रं दोनदोनदा निघाली. त्यात भांडणारे दोन पक्षीही निघाले. एक तांबड्या गळ्याचा कागद, एक हिरव्या. शेठ म्हणाला, ह्यातला एक खराब केलेला आहे. तो माणूस हसला. त्याने सांगितलं, की फक्त काळी रेघ छापलेली असते, रंग प्रत्येक कागदावर हाताने भरलेला. ओळीने माणसं बसायची विलायतेत, कित्येकदा बायका आणि मुली, आणि ज्याच्या हातात जो कागद येईल तो रंगवायची. पक्षी तर त्यांच्यातल्या कोणी जिवंत पाहिलेलाच नसायचा. दूरच्या रानात बारीक छऱ्यांनी मारून, पेंढा भरून आणलेली कातडी समोर ठेवलेली असायची, तिचाही रंग उडत आलेला. महाग कागदाला वर्ख, स्वस्ताला नुसता रंग. दोन कागद सारखे मिळालेच तर मीच घाबरेन, असं तो म्हणाला.

हिरामणकाका सांगतात, हे सगळं चाललं असताना आण्णा तांबड्या गळ्याच्या कागदाकडे गेले. पक्ष्यांकडे त्यांनी बघितलं नाही. त्यांनी डावा खालचा कोपरा उचलला आणि भोकातून टेबल बघितलं. फडकं तिथेच ठेवून ते निघाले. शेठने हाक मारली तरी थांबले नाहीत.

परवा नातवाने मला मोबाइलवर तो पक्षी जिवंत उडताना दाखवला. एका फुलावरून दोघे असे तुटून पडले होते, की चोचीने एकमेकांना भोसकत होते. माय बरोबर होती. त्यातला एक वळला तेव्हा त्याचा गळा हिरवा दिसला, आणखी वळला तेव्हा तांबडा पेटला, मग नुसता काळा. उजेडाप्रमाणे बदलतो, असं नातू म्हणाला. म्हणजे विलायतेतल्या त्या दोन्ही मुली आपापल्या जागी बरोबरच असणार. मी मोबाइल त्याला परत दिला आणि म्हटलं, बंद कर.

तर त्या रविवारी माय पाटा-वरवंटा घेऊन ठेचा वाटायला बसली होती. हिरव्या मिरच्या, लसूण, मीठ. वाटल्या डाळीचे फुनके वाफेवर ठेवलेले होते. रविवारी लूम बंद असायचे, त्यामुळे वरवंट्याचा आवाज स्वच्छ येत होता. आण्णा आत आले आणि पाट्यासमोर उकिडवे बसले. त्यांच्या तोंडाकडे बघून माय वाटायची थांबली. ते माझ्याकडे बघून म्हणाले, “दोन व्हतात. भोकवाला बी शे.” मग त्यांनी ठेचा हाताने बाजूला सारला, उजवा पंजा पाट्यावर पसरला आणि म्हणाले, “मार. दोन मारेल व्हतात मी.”

माझ्या सुनेने हे प्रकरण वाचलं. ती म्हणाली, आई, इथे थांबा ना, त्यांनी हात ठेवला आणि तुम्ही रडलात असं लिहा. ती चांगल्या घरातून आली आहे. मी रडले नाही. माझ्या उजव्या हाताला वरवंटा पेलत नव्हता, म्हणून मी तो डाव्याने उचलला आणि खालून उजव्याच्या तळव्याचा आधार दिला. माफ करावं, हे माझ्या मनात आलंच नाही. इतके महिने मला वाटत होतं की मला नुसतं दुःख झालं आहे, आणि वरवंटा उचलल्यावर कळलं की तो राग होता, पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत. मी मारलं. डाव्या हाताचा घाव, तोही पोरीचा, जरा तिरपा बसला. आण्णांच्या घशातून आवाज आला, पण हात त्यांनी हलवला नाही. पाट्यावर मिरचीचं पाणी होतं, ते फुटलेल्या कातडीला लागलं असेल. मला दुसरा घाव घालवेना. दया आली म्हणून नाही, माझ्या हातातलं बळच संपलं.

तेव्हा मायने माझ्या हातातून वरवंटा घेतला. “दुसरा मन्हा,” ती म्हणाली. आण्णांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. कपाळावरची खूण तिची अजून ठळक होती. रोज वाटण वाटणाऱ्या बाईचा हात होता तो, तिरपा गेला नाही. शेजारची सगळी दारं उघडी होती आणि लूम बंद होते, त्या दिवशी गल्लीने सगळं ऐकलं. आमच्या दारात कोणी आलं नाही.

त्यानंतर आण्णांनी कधी हात उचलला नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. दोनदा उचलला, डावा. दोन्ही वेळा माय जागची हलली नाही, फक्त वरवंट्याकडे बघितलं, आणि तो हात खाली गेला. पुढे शेठने त्यांना परत कलर किचनमध्ये बोलावलं. रंग जुळवायला डोळे लागतात, ड्रम ढवळायला दुसरी माणसं असतात. मोरी पुन्हा रंगीत झाली. मला ते माफ कर असं कधीच म्हणाले नाहीत, आणि त्यांना शेवटचं पाणी मीच पाजलं, एवढं दोन्ही खरं आहे.

पण त्या रविवारी मायने पाटा धुतला, दोनदा धुतला, आणि नव्या मिरच्या घेऊन ठेचा पुन्हा वाटला. आण्णांच्या हाताला आंबेहळद लावून माझ्याच जुन्या कामट्या बांधल्या. फुनके गार झाले होते. तिने तीन ताटं वाढली. आमच्यात डाव्या हाताने जेवलेलं चालत नाही, लहानपणी त्यासाठी मी आण्णांच्या हातचा मार खाल्लेला होता. पण उजवा हात धडका होता तो एकट्या मायचा. आण्णांनी माझ्याकडे एकदा बघितलं, घास कसा उचलायचा ते बघितलं, आणि मग माझ्यासारखाच, डाव्या हाताने, पहिला घास तोंडात घातला.